भागूची दोन बोटं

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. जिला सांगायला हवी होती ती माझी बायको, भागीरथी — घरात सगळे तिला भागू म्हणायचे — गेल्या माघात गेली. तिला सांगायला मला उभा संसार मिळाला होता. तरी नाही सांगितली. आता तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच जमतं आहे बहुधा.

आधी एक कबूल करतो — आमचा संसार सुखाचा झाला. दोष हलका करायला हे म्हणत नाही. खरोखरच सुखाचा होता, आणि म्हणूनच बोलायचं राहत गेलं. रोज संध्याकाळी आम्ही गच्चीवर दोन खुर्च्या टाकून बसायचो. सूर्य दौलताबादच्या अंगाला उतरायचा. ती शेंगा सोलायची, मी वाचायचो, मधूनच ती विचारायची, काय लिवलंय त्यात? मी सांगायचो. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, एवढ्यासाठी एवढं जाड पुस्तक? आजही मी तिथंच बसतो. एक खुर्ची घडी करून ठेवली आहे. दुःख आहे, पण मी कुढत नाही. अशा भरल्या पोटी माणूस कबुलीजबाब कसा देतो, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटतं.

मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत असे. पाचोडजवळच्या एका वाडीत आमची मेंढरं होती. वडील मेंढरांमागे रान फिरायचे, घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. भागूही मेंढरांच्याच घरातली, चौथीपर्यंत शिकलेली. लग्न होऊन ती शहरात आली तेव्हा सोबत एक पत्र्याची पेटी, दोन घोंगड्या आणि बामाची एक रिकामी बाटली होती. त्या बाटलीत मिश्री.

मिश्री ठाऊक आहे ना? तंबाखूचं पान तव्यावर काळं होईतो भाजायचं, चुरायचं, आणि ती पूड बोटानं दातांवर, हिरड्यांवर घासायची. सकाळी एकदा, दुपारी कामं आटोपल्यावर एकदा, आणि मग लागेल तशी. माझी आई लावायची, तिची आई लावायची. आमच्याकडच्या बायांना विचारा, तंबाखू खाता का? त्या नाय म्हणतील, आणि खोटं बोलत नसतील. तंबाखू म्हणजे पुरुष चुना लावून खातात ती. मिश्री म्हणजे दात घासायची वस्तू. दोन्हींचं पान एकच, पण आमच्या घरांत त्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

माझ्या घरात मात्र एक माणूस असा होता ज्याला संबंध पक्का ठाऊक होता.

दरवर्षी मी मुलांना बेडकाच्या पायाचा पडदा सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायचो. बोटांमधली ती पातळ कातडी. तिच्यात बारीक रक्तवाहिन्या दिसतात, आणि त्यांतून रक्तपेशी एकामागून एक सरकत जातात — मेंढरं अरुंद पांदीतून जातात तशा. पहिल्यांदा पाहणारी मुलं भिंगावरून डोळा काढायला तयार नसायची. मग मी पडद्यावर तंबाखूच्या पाण्याचा थेंब टाकायचो. थोड्या वेळानं वाहिनी आकसताना दिसायची, रांग मंदावायची. कधी थांबायचीही. त्या पाण्यासाठी पानाचा तुकडा मी कुठून नेत असे? भागू न भाजलेली पानं ठेवायची त्या डब्यातून. तिला विचारून. ती हसायची — बेडकाला बी मिश्री लावता व्हय?

तेव्हा, मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

आम्ही राहायचो ती वसाहत नवी होती. वाळूजला कारखाने येत होते, पाळीच्या बसगाड्या सकाळ-दुपार-रात्र रस्त्यावरून जायच्या, शेजारी रोज कुणीतरी नवं बिऱ्हाड यायचं. कुणी जळगावचं, कुणी लातूरचं, कुणी पार नागपूरचं. सगळ्यांनाच आपलं गाव थोडं झाकायचं होतं, आणि मला सगळ्यांत जास्त. तव्यावर तंबाखू भाजली की तिचा खाट चार घरांपर्यंत जातो, माणसं शिंकायला लागतात. मी भागूला सांगितलं, मी कॉलेजात असेन तेव्हाच भाजत जा, आणि खिडक्या लावून. ती म्हणाली, "कालिजात जातोय का काय खाट इथनं?" पण तिनं ऐकलं. बाटली मोरीतल्या कोनाड्यात, साबणामागं गेली. पाहुणे आले की ती ओठ मिटून हसू लागली. तिला लपवायला मी शिकवलं, हे ध्यानात ठेवा. पुढं कामी आलं.

मला कुणाची एवढी लाज होती? आमच्या विभागप्रमुखांची. ते आता नाहीत, नाव घेत नाही. नोकरी त्यांच्यामुळं लागली होती, त्यांच्या घरी माझं जाणं-येणं होतं, त्यांची पुस्तकं मी वाचायला आणायचो. स्टाफरूममध्ये एकदा ते खेड्यातल्या बायकांच्या दातांवर काहीतरी बोलले — पाटी पुसायची राहून गेल्यासारखे दात, असं काहीसं. सगळे हसले. मीही हसलो. घरी आलो तर भागू दारात उभी होती, आणि नेहमीसारखी ओठ मिटून हसली.

ते दिवस नामांतराच्या झगड्याचे होते. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं म्हणून मोर्चे निघत होते, देऊ नये म्हणूनही निघत होते. बंद, दगडफेक, आणि खेड्यांतून घरं जाळल्याच्या बातम्या. स्टाफरूमची दोन टोकं झाली होती. माझी जागा खिडकीजवळच्या खुर्चीत, पुस्तकामागं. कुणी विचारलंच तर म्हणायचो, मी आपला शास्त्राचा माणूस. याला मी मनात तटस्थपणा म्हणत असे. आता दुसरा शब्द सुचतो.

त्या हिवाळ्यात भागूची बोटं पांढरी पडू लागली. डाव्या हाताची करंगळी आधी. पांढरी, मग निळसर, मग लाल होऊन ठणकायची. थंडीनं होत असेल म्हणून ती हात काखेत धरून बसायची. मग करंगळीचं टोक काळं झालं. ती रडणारी बाई नव्हती, पण त्या दुखण्यानं रडली. प्रमुखांना कळलं तेव्हा ते स्वतः त्यांची गाडी घेऊन आले. आम्ही दोघं मागं बसलो आणि सरकारी दवाखान्यात गेलो.

तिथला डॉक्टर तरुण होता. नामांतराच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेला — दवाखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं, प्रमुखांनाही. व्हरांड्यात थांबलो असताना ते माझ्या कानाशी त्याच्याबद्दल काहीतरी पुटपुटले. लिहिण्याजोगं नव्हतं. मी मान हलवली. हो म्हणून की नुसतीच, माझं मलाच कळलं नाही.

डॉक्टरनं भागूला आत नीट तपासलं. मग तो बाहेर माझ्याकडे आला. प्रमुख माझ्या शेजारीच उभे होते.

"सर, एक विचारतो. ताई तंबाखू नाही म्हणाल्या. पण आपल्याकडं बायका मिश्रीला तंबाखू धरत नाहीत. त्यांचे दात काळसर वाटले मला. मिश्री लावतात का?"

आता मी जे बोललो ते मी बोललो. कुणी बोलायला लावलं नाही. विचार करायलाही वेळ लागला नाही.

"नाही. राखुंडीनं दात घासते ती. कोळशाच्या."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. आवाज खाली आणला — पण प्रमुखांना ऐकू जाणार नाही इतका नाही. त्याला तशी गरजच वाटत नव्हती. म्हणाला, "लाजू नका, सर. माझी आई लावायची. मीच तव्यावर भाजून द्यायचो तिला. हा आजार तंबाखूवर जगतो. ती थांबली तर थांबेल, नाही तर बोट बोट करत जाईल. म्हणून विचारतो."

यापेक्षा सोपं कुणी कुणासाठी काय करून ठेवणार? दार पूर्ण उघडून तो बाजूला उभा राहिला होता. मी फक्त हो म्हणायचं होतं.

"आमच्या घरात तंबाखू येत नाही," मी म्हणालो.

प्रमुखांनी मान डोलावली. डॉक्टर म्हणाला, ठीक आहे, तुम्ही शास्त्र शिकवता, तुमच्या शब्दावर चालतो. भागू आत होती. तिला यातलं काही ऐकू गेलं नाही. दोन दिवसांनी तिची करंगळी काढली.

एवढंच असतं तर कदाचित मी हे लिहिलंच नसतं. भीतीनं तोंडून निघालेलं एक खोटं — माणसं त्याला नाव देतात आणि पुढं जातात. पण त्याच्या खाली अजून आहे. मी इतका वेळ त्याच्याभोवती फिरतो आहे, तुमच्या लक्षात आलंच असेल.

हाताला पट्टी होती तेव्हाच भागू म्हणाली, "मिश्री सरत आलीय. बाजारातनं पान आणा की." पान नेहमी मीच आणायचो. वाडीला गेलो की पाचोडच्या आठवडी बाजारात एक म्हातारा गोणपाटावर पानं मांडून बसायचा, त्याच्याकडून. शहरातलं पान तिला आवडायचं नाही, फिकं लागायचं. त्या वेळी मी नाही म्हणालो असतो तर ती विचारती, का? आणि त्या 'का'चं उत्तर व्हरांड्यातून सुरू झालं असतं. म्हणून मी नाही म्हणालो नाही.

मी पान आणलं. बाजारात उभं राहून, वास घेऊन, तिला आवडतं तसं कडक निवडून आणलं. एकदा नाही. पुढच्या हिवाळ्यापर्यंत जितक्या वेळा सरलं तितक्या वेळा. पिशवीत पुस्तकांच्या खाली ठेवायचो, म्हणजे बसमध्ये कुणाला वास जाऊ नये. घरी आलं की ती पान हुंगायची आणि खूश व्हायची. मला तिचं ते खूश होणं आवडायचं. हेही खरं आहे, आणि सगळ्यांत वाईट कदाचित हेच.

दुसऱ्या हिवाळ्यात करंगळीशेजारचं बोट गेलं. आत नेताना ती मला म्हणाली, "करंगळी एकटी कटाळली आसंल. सोबतीण मागतीय." डॉक्टर तोच होता. या वेळी त्यानं मला काही विचारलं नाही. एकदा विचारलं होतं, उत्तर मिळालं होतं, आणि माझ्यावर त्याचा विश्वास होता.

घरी आल्यावर मी तिला पाहिलं. उजव्या हाताच्या बोटानं मिश्री लावत ती मोरीपाशी बसली होती, आणि डावा हात पांढऱ्या पट्टीत गुंडाळून मांडीवर ठेवला होता, तान्हं लेकरू ठेवावं तसा. मला तेव्हा तरी सगळं सांगता आलं असतं, नाही का? मी काय केलं ते सांगतो. मी म्हणालो, "भागू, मिश्री सोड. डॉक्टर म्हणतात, नवा शोध लागलाय. मिश्रीनंच बोटं जातात."

तिनं बोट तोंडातून काढलं.

"व्हय? मग आदी का नाय सांगितलं?"

"आधी ठाऊक नव्हतं."

"कुणाला?"

"कुणालाच," मी म्हणालो.

तिनं उठून चूळ भरली. बाटली घेतली, बाहेर गेली आणि कचऱ्याच्या ढिगावर उपडी करून आली. रिकामी बाटली धुऊन ठेवली, बाटली चांगली होती म्हणून. पुढचे कित्येक दिवस तिचे फार वाईट गेले. हिरड्या शिवशिवायच्या, डोकं दुखायचं, माझ्यावर, आमच्या लहान मुलीवर, तव्यावर सारखाच राग निघायचा. बडीशेप चावून चावून जबडा दुखायला लागला. पण एकदा सोडली ती सोडली. आणि आजार थांबला. डॉक्टर म्हणाला होता तसाच, जागच्या जागी. उरलेली आठ बोटं अखेरपर्यंत शाबूत राहिली.

इथून पुढं माझं सुख सुरू होतं, आणि ते मला सांगायला जड जातं.

भागू माझे उपकार मानू लागली. मनापासून, आणि चारचौघांत. वसाहतीतल्या बाया पाणी भरायला जमल्या की ती हात पुढं करून दाखवायची — बघा, मिश्रीनं खाल्लेली बोटं. आमचे हे शास्त्राचे म्हणून आठ तरी राहिली. वाडीला गेली की तिथंही तेच. भाकरी थापताना तिच्या डाव्या हाताचा अर्धाच पंजा पिठावर उठायचा. कुणी कीव केली तर म्हणायची, आठात भागतंय, दोन देवानं जास्तीचीच दिली व्हती. आणि माझ्याकडे बघून हसायची — आता पूर्ण तोंड उघडून. दातांवरचा काळेपणा हळूहळू कमी झाला होता. मी ते हसू वर्षानुवर्षं घेत राहिलो. एकदाही परत केलं नाही.

बऱ्याच वर्षांनी नामांतर झालं. त्या दिवसांत डॉक्टर रस्त्यात भेटला, केस पिकायला लागले होते, हातात पेढ्यांचा पुडा. त्यानं मला पेढा दिला. मी खाल्ला. ज्या गोष्टीसाठी मी कधी तोंड उघडलं नाही तिच्या पेढ्याला उघडलं. मग त्यानं विचारलं, ताईंचं काय? थांबलं, मी म्हणालो. त्याला आनंद झाला. म्हणाला, "तंबाखूशिवाय हा आजार मी एकदाच पाहिला, सर — तुमच्या घरी. शिकाऊ डॉक्टरांना मी नेहमी सांगतो, असंही होतं कधी कधी."

तेव्हा कळलं, माझं खोटं व्हरांड्यात राहिलेलं नव्हतं. ते त्याच्या अनुभवात जाऊन बसलं होतं, त्याच्याकडून मुलांच्या डोक्यात गेलं होतं. त्यांच्यातल्या कुणी, कुठल्या गावी, काळे दात पाहूनही पुढचा प्रश्न विचारला नसेल का? मी पेढा गिळला आणि म्हणालो, हो, असंही होतं.

निवृत्त झाल्यावर मी या आजाराबद्दल मिळेल ते वाचत राहिलो. आम्ही शिकवायचो तेव्हा एवढंच म्हणायचो की निकोटिन मज्जातंतूंवर काम करतं आणि मग वाहिन्या आकसतात. नंतरच्या लोकांना दिसलं ते फार सुंदर आहे. प्रत्येक रक्तवाहिनीला आतून एक अस्तर असतं, एका पेशीच्या जाडीचं. अगदी बारीक वाहिनीत तर त्या अस्तरापलीकडं फारसं काही नसतंच. आणि या पेशींच्याही अंगावर मज्जातंतूंकडे असतात तशीच दारं असतात. पाच पाकळ्यांसारखे पाच तुकडे, मधे बंद वाट. ग्राही म्हणतात त्यांना. शरीराचा स्वतःचा एक निरोप येतो, तो दारावर नेमक्या जागी बसतो, वाट क्षणभर उघडते, कॅल्शियमचे कण आत शिरतात, आणि पेशीला कळतं की आता काय करायचं — वाढायचं, सरकायचं, नवी वाहिनी फुटू द्यायची. निकोटिन त्या निरोपाच्या जागी बसू शकतं. दाराला फरक ओळखता येत नाही. शिवाय खरा निरोप काम झालं की लगेच मोडला जातो, निकोटिन तसं मोडत नाही, बसून राहतं. पुन्हा पुन्हा असं झालं की अस्तर बिघडतं, वाहिनीला वेळेवर सैल होता येत नाही. तंबाखू धुरातली असो, चुन्यातली असो, हिरडीवरची असो — दाराला ते कुठून आलं याच्याशी देणंघेणं नाही. भागूच्या आजाराची सगळी साखळी अजून कुणाला पुरती उलगडलेली नाही. पण तंबाखू थांबली की तो थांबतो, हे जुनंच आहे.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बरं वाटलं. सांगू का, का बरं वाटलं? त्या अस्तरावरची ती दारं आमच्या वेळी कुणाला माहीतच नव्हती! म्हणजे, 'कुणालाच ठाऊक नव्हतं' हे मी भागूला सांगितलेलं खरंच होतं, अशी एक पळवाट मला दिसली. दोन-चार दिवस मी त्या वाटेनं हिंडून आलो. मग बेडकाचा पडदा आठवला. व्हरांडा आठवला. मला दारांची माहिती कुणी विचारलीच नव्हती. मिश्री लावतात का, एवढं विचारलं होतं.

भागू गेली ती हृदयानं, झोपेत, शांतपणे. बोटांचा तिच्या जाण्याशी संबंध नव्हता. दहाव्याला वाडीहून गाडी भरून माणसं आली. विधी आटोपल्यावर तिच्या माहेरची एक म्हातारी काठी टेकत माझ्यापाशी आली. तिनं ओठ मागं ओढून मला हिरड्या दाखवल्या, गुलाबी, दात तीन-चारच.

"भागूनं सोडाय लावली मला. माझ्या सुनांला बी," ती म्हणाली. "तुमी तिला सांगितलं, तिनं आमाला. देवमाणूस आहात तुमी."

आणि ती खाली वाकली, माझ्या पायांना हात लावला. ती माझ्याहून मोठी होती. मी पाय मागं घेतले नाहीत.

त्या म्हातारीनं मिश्री सोडली, तिच्या सुनांनी सोडली. ते पुण्य भागूचं. माझ्या खात्यावर पाचोडच्या बाजारातून निवडून आणलेलं पान आहे, कडक, तिला आवडायचं तसं.